मगऱ्यापासून धोऱ्यापर्यंत

सह्याद्रीच्या घाटवाटांवर ज्यांची पायपीट झालेली आहे, त्यांच्या भूशास्त्रीय ज्ञानाला एक स्वाभाविक मर्यादा पडते. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याही कड्यावर चढले तरी पायाखाली येतो तो एकाच जातीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला काळा कातळ. त्यात कोठे गारगोटी चमकते, कोठे दोन लाव्हांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा डोकावतो, परंतु शंखशिंपले, झाडांची शिळा झालेली खोडे, लाटांनी वाळूवर उमटविलेल्या रेघा असे जे पृथ्वीच्या इतिहासाचे अस्सल दस्तऐवज म्हणून पुस्तकांतून वर्णिलेले असतात, ते या मुलखात सहसा दृष्टीस पडत नाहीत. ही उणीव भरून काढावयाची तर कोठे जावे, असा प्रश्न आमच्या हिंडणाऱ्या मंडळींत एका पावसाळ्यात निघाला, तेव्हा कोणी स्पितीचे नाव घेतले, कोणी कच्छचे. शेवटी कौल पडला तो जोधपूरपासून जैसलमेरच्या पलीकडे पसरलेल्या थरच्या वाळवंटाला, आणि त्याचे कारण वाळू हे नसून दगड हे होते.

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्याच उभ्या राहतात, हा बराचसा चित्रपटांचा प्रताप आहे. प्रत्यक्षात जैसलमेरच्या चहूबाजूंस आढळतो तो उघडा खडक, त्यावर विखुरलेले खडेगोटे, मधूनच एखादे खेजडीचे झाड आणि केर या झुडपाची काटेरी जाळी. अशा खडकाळ माळाला तिकडे मगरा म्हणतात व वाळूच्या टेकडीला धोरा. जेथे वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथे खडकावर माती साठत नाही, मातीअभावी झाडोरा वाढत नाही, आणि कोकणात जो खडक पाहण्यासाठी ओढ्याचे पात्र किंवा रस्त्यासाठी फोडलेली दरड शोधावी लागते, तो येथे मैलोगणती पुढ्यात मांडून ठेवलेला असतो. भूशास्त्राच्या जिज्ञासूला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. इंग्रजी अमदानीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ब्लॅनफर्ड यांनी १८७० च्या दशकात हा प्रदेश पालथा घातला, आणि पुढे ला टूश यांचा पश्चिम राजपुतान्यावरील विस्तृत ग्रंथ १९०२ साली निघाला. त्यांचा प्रवास उंटावरून झाला असला तरी त्यांनी नोंदविलेल्या बहुतेक जागा आज डांबरी रस्त्यावरून उतरून थोडे चालले की गाठता येतात.

हिवाळाच का, याचे उष्म्याखेरीज आणखीही एक कारण आहे. मे-जून महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो आणि धुळीची वादळे उठतात, तेव्हा उघड्या खडकावर चालण्याचा विचारही संभवत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे तापमान चोवीस-पंचविसाच्या घरात राहते, रात्री मात्र ते सात-आठ अंशांपर्यंत आणि एखाद्या थंडीच्या लाटेत त्याहूनही पुष्कळ खाली उतरते. हे सर्वांस ठाऊक असते. परंतु हिवाळ्यातील सूर्य दिवसभर कललेला राहतो, त्यामुळे खडकाच्या पृष्ठभागावरील अर्ध्या बोटाची उंची-खोलीसुद्धा छायेने ठसठशीत होते, आणि उन्हाळ्याच्या माथ्यावरील प्रकाशात जी शिळा निव्वळ सपाट वाटेल, तिच्यावर सकाळी साडेआठच्या उन्हात लाटांच्या रेघा, चिखलाला पडलेल्या भेगा, किड्यांच्या सरपटण्याच्या खुणा स्पष्ट वाचता येतात, ही गोष्ट मात्र तेथे गेल्याखेरीज ध्यानात येत नाही. शिवाय कोकणच्या लोकांना ज्याची धास्ती असते ते फुरसे या वाळवंटातही विपुल आहे. थंडीत ते सुस्तावून दगडाखाली दडून राहते, म्हणून चालताना भय कमी, परंतु कुतूहलाने दगड उलथताना हात न घालता काठी घालावी, हा नियम आम्ही आरंभीच सर्वांकडून वदवून घेतला होता.

कार्यक्रमाचा कच्चा मसुदा तयार होऊ लागला तेव्हा मतभेद झाला तो मुक्कामांच्या क्रमाविषयी. थेट जैसलमेरला उतरावे, वाळूत एक रात्र काढावी, किल्ला पाहावा, आणि परतताना वेळ उरल्यास जोधपूरकडे वळावे, असा बहुतेकांचा कल होता व प्रवासी कंपन्यांचा शिरस्ताही तोच आहे. आमच्यातील एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सारेच सर म्हणतो, त्यांनी यास हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, जैसलमेरच्या खोऱ्यातील थर वायव्येकडे अगदी अल्प कोनाने कललेले आहेत. एका बाजूस कललेल्या पुस्तकांच्या चळतीवरून मुंगी चालत गेली म्हणजे तिला प्रत्येक पुस्तकाची कड क्रमाने लागावी, तसे पूर्वेकडून पश्चिमेकडे चालणाऱ्याला जुन्या थरांवरून नव्या थरांवर आपोआपच चढत जाता येते. तेव्हा प्रवासाचा क्रम आगगाडीच्या सोयीने न लावता खडकांच्या वयाने लावावा. आधी जोधपूरचा सुमारे ७५ कोटी वर्षांचा ज्वालामुखी, मग बापचे हिमयुगातील गोटे, मग लाठीचे नदीकाठचे वालुकाश्म, मग जैसलमेरचा समुद्र, आणि सर्वांत शेवटी वाळू, जी अजून खडक व्हावयाची आहे. ही तजवीज मान्य झाली आणि पुढे साऱ्या प्रवासात तिचा जो उपयोग झाला तो पाहता, कोणत्याही भूशास्त्रीय सहलीची आखणी करणाऱ्याने नकाशावरील अंतरे मोजण्यापूर्वी थरांचा अनुक्रम लिहून काढावा, असे माझे निश्चित मत झाले आहे.

मंडळी किती असावीत, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. डोंगर चढावयाचा असला तर वीस माणसे एकामागून एक चालू शकतात; परंतु तळहाताएवढा जीवाश्म पाहावयाचा असला तर त्याभोवती एका वेळी पाच-सहांहून अधिक डोकी मावत नाहीत, आणि मागे उभा राहिलेला माणूस काही वेळाने गप्पांत रमतो. म्हणून दहा-बारांच्या वर संख्या जाऊ द्यावयाची नाही, दोन मोटारी करावयाच्या, त्यांपैकी एकीत पाण्याचे पिंप कायम भरलेले ठेवावयाचे आणि माणशी दिवसास चार लिटर पाणी जमेस धरावयाचे, असे ठरले. चालण्याचे अंतरही मुद्दाम थोडे ठेवले. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने जानेवारीत तेथे सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो आणि सायंकाळी सहाला दिवस मावळतो. मिळणाऱ्या साडेदहा तासांत भोजन, विश्रांती व मोटारीचा प्रवास वजा जाता आठ-दहा किलोमीटर हिंडणे पुरेसे होते, कारण येथे चालण्यापेक्षा थांबणे अधिक असते.

सरंजामाची यादी लांबलचक नव्हती: दहापट मोठे दाखविणारे भिंग प्रत्येकाजवळ एक, होकायंत्र, उतार मोजण्याचे साधन, नोंदवही, टोपी, आणि रात्रीसाठी सह्याद्रीत कधीच लागत नाहीत अशी जाड पांघरुणे. हातोडा मात्र बुद्धिपुरस्सर घरी ठेवला, कारण ज्या जागा पाहावयाच्या त्यांतील बऱ्याच संरक्षित आहेत आणि हातोडा हाती असला की सज्जनालाही फोडण्याचा मोह होतो. चुनखडी ओळखण्यासाठी भूशास्त्रज्ञ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली बाळगतात. आगगाडीतून आम्ल नेण्यास मनाई असल्याने सरांनी त्याऐवजी लिंबे घेण्यास सांगितले. खिळ्याने दगडावर ओरखडा काढावयाचा, निघालेल्या भुकटीवर लिंबाचे चार थेंब पिळावयाचे आणि भिंगातून पाहावयाचे. चुनखडी असली तर बारीक बुडबुडे उठतात, वालुकाश्म असला तर भुकटी निमूट भिजते. उरलेल्या लिंबांचे सरबत होते, हा आम्लाहून अधिकचा लाभ.

परवान्यांचा भाग कंटाळवाणा खरा, पण तो टाळून चालत नाही. जैसलमेर जिल्ह्याची पश्चिम हद्द आंतरराष्ट्रीय सीमेला भिडते, त्यामुळे सीमेलगतच्या अधिसूचित टापूत बाहेरच्या माणसास जिल्हा प्रशासनाच्या परवानगीवाचून हिंडता येत नाही; पोखरणच्या लष्करी मैदानाच्या हद्दीत तर पाऊलही टाकू नये, कारण तेथे न फुटलेले तोफगोळे पडलेले असू शकतात. मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरांचे आहे व त्यात प्रवेशासाठी वनखात्याकडे रुजू व्हावे लागते. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलेले आपणांस ठाऊक असते. त्या पक्ष्याचा आजचा मुख्य आसरा हे जैसलमेरचे गवताळ माळच होत, आणि त्याच्या वावरण्याच्या जागी मंडळींचा तांडा घेऊन फिरणे हे परवाना मिळाला तरी करण्यासारखे काम नव्हे. अर्ज, ओळखपत्रांच्या नकला, मोटारींचे क्रमांक आणि चालकांची नावे यांचा एक संच करून त्याच्या चार-पाच प्रती आगाऊ काढून ठेवल्या, त्यामुळे प्रत्येक चौकीवर नव्याने दफ्तर उघडण्याचा प्रसंग आला नाही.

मुंबईहून सूर्यनगरी एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी जोधपुरास उतरलो आणि सामान टाकताच मेहरानगड गाठला, तो राजवाडा पाहण्यासाठी नव्हे, त्याचा पाया पाहण्यासाठी. राव जोधाने १४५९ साली ज्या कड्यावर हा किल्ला उभारण्यास आरंभ केला, तो कडा मालाणी ज्वालामुखी समूहाचा आहे. आणि लाव्हा म्हणजे बेसाल्ट असे समीकरण मनात पक्के झालेल्या महाराष्ट्रीय माणसाला तो पाहून प्रथम गोंधळल्यासारखे होते, कारण हा खडक काळा नसून तांबूस, जांभळट आणि कोठे गुलाबी आहे. दख्खनचा लाव्हा पातळ होता, म्हणून तो पाण्याप्रमाणे दूरवर पसरला. मालाणीचा लाव्हा सिलिकाने समृद्ध व म्हणूनच घट्ट होता, त्यातील वायू कोंडले जाऊन प्रचंड स्फोट झाले, आणि आकाशात उडालेली तप्त राख खाली बसताना इतकी उष्ण होती की तिचे कण परस्परांना चिकटून सलग खडक झाला. किल्ल्याच्या पायथ्याशी अशा राखेच्या खडकाचे थंड होताना पडलेले बहुकोनी स्तंभ दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या आकाराची ओळख पटते. मात्र या दोन स्तंभांच्या वयांत अकरा पटींहून अधिक अंतर आहे, हे सांगितल्यावर आमच्यातील अंधेरीकरांचा अभिमान काहीसा निवळला.

किल्ल्याच्या अंगालाच राव जोधा मरुशिला उद्यान आहे, आणि पायी हिंडणाऱ्याने त्यात निदान एक सबंध सकाळ द्यावी. सुमारे ७२ हेक्टरांचा हा खडकाळ टापू वेड्या बाभळीने गिळून टाकला होता. निसर्गाभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली २००६ पासून तो मोकळा करण्यात आला व २०११ साली लोकांसाठी खुला झाला. ही बाभूळ तोडली की पुन्हा फुटते, मुळापासून उपटावी तर मुळे खडकाच्या भेगांत शिरलेली. तेव्हा पिढ्यान्पिढ्या दगडाच्या खाणीत राबलेल्या खांडवालिया कारागिरांना बोलावण्यात आले, आणि घणाच्या आवाजावरून खडक कोठे पोकळ, कोठे भरीव आहे हे ओळखून त्यांनी छिन्नीने एकेक मूळ खणून काढले. त्या रिकाम्या झालेल्या खळग्यांतूनच आज मरुभूमीची मूळची झुडपे वाढत आहेत. पुस्तकी भूशास्त्राला न येणारी ही विद्या पाहून सर बराच वेळ त्या छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवीत उभे होते.

मालाणीच्या या खडकावर जोधपूरचा वालुकाश्म जवळजवळ आडवा टेकलेला आहे. खाली ज्वालामुखी, वर उथळ पाण्यात साचलेली वाळू, आणि या दोहोंच्या मधल्या रेघेत काही कोटी वर्षांचा असा काळ लुप्त झालेला आहे की ज्याची एकही नोंद या ठिकाणी उरलेली नाही. त्या रेघेवर हात ठेवता येतो, आणि या संयोगस्थळाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जाही दिलेला आहे; परंतु तिकीट काढून आत गेलेले शेकडो लोक तिच्या शेजारी उभे राहून खालच्या निळ्या घरांची छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. याच वालुकाश्माच्या छीतर नावाच्या जातीतून १९२९ ते १९४३ या काळात उमेदभवन राजवाडा उभा राहिला. शहरातील साध्या फरशांवरही लाटांच्या रेघा सापडतात, तेव्हा संग्रहालयाची वाट न पाहता पायाखाली पाहत चालावे.

जोधपूरहून फलोदीमार्गे बापला जाण्याचा फेरा बहुतेक प्रवासी घेत नाहीत, आणि वरवर पाहता बापमध्ये पाहण्यासारखे काही नाही हेही खरे. रस्त्यालगतचा उजाड माळ, त्यावर मुठीएवढ्यापासून माणसाच्या गुडघ्याएवढ्यापर्यंत सर्व आकारांचे गोटे पसरलेले, आणि दूरवर सौर ऊर्जेच्या पत्र्यांची चकाकणारी रांग. नदी जेव्हा दगड वाहून आणते तेव्हा ती त्यांची प्रतवारी करते, जड आधी टाकते व हलके पुढे नेते. येथे लहान-मोठ्याचा काही विधिनिषेध नाही, सारे चिकणमातीत एकत्र कालवलेले. त्यांतील कित्येक गोटे जोधपूरला पाहिलेल्या त्याच जांभळट मालाणी खडकाचे, आणि काहींचे एक अंग घासून चपटे झालेले, त्यावर एकाच दिशेने ओढलेले समांतर ओरखडे. नदीच्या पाण्याने असे ओरखडे उठत नाहीत. ते बर्फाच्या जड लोंढ्यात अडकलेल्या दगडांवर उठतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत जेव्हा गोंडवन महाखंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या दिशेस होता, त्या वेळच्या हिमनद्यांनी हा माल येथे आणून टाकला. त्याच हिमयुगाची साक्ष आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ ओरखडलेल्या चुनखडीवर मिळते. आम्ही त्या माळावर दुपारभर गोटे उलटेसुलटे करीत हिंडलो आणि प्रत्येक ओरखडा पाहून झाल्यावर गोटा जेथला तेथे ठेवला. एका मेंढपाळाने हा प्रकार पाहून काही हरवले आहे का असे विचारले, आणि येथे एके काळी बर्फ होता हे ऐकल्यावर, पहाटे अजूनही कधीमधी बादलीत जमतो, असे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

परतीच्या वाटेवर फलोदीजवळच्या खीचनला क्षणभर थांबण्यास हरकत नाही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले कांड्या करकोचे तेथे हजारोंनी उतरतात आणि गावकरी त्यांना नेमाने दाणा घालतात.

पोखरणहून जैसलमेरकडे जाताना लाठी नावाचे गाव लागते. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म येथून पुढे सुरू होतो. हा खडक सच्छिद्र असल्यामुळे भूगर्भात पाणी धरून ठेवतो, आणि चांदणजवळच्या विहिरींना जे गोडे पाणी लागते ते याच्याच कृपेने. या वाळवंटात गाव कोठे वसले आणि कोठे उठले याचा उलगडा बहुधा इतिहासापेक्षा खडकाच्या जातीत सापडतो, ही जाणीव येथपासून आम्हांला होऊ लागली. जैसलमेर सुमारे १६ किलोमीटर उरले असता थईयात नावाच्या वस्तीजवळ याच खडकाची एक बुटकी धार उभी आहे. तीत तीन बोटांच्या मांसाहारी डायनासोरांच्या पाऊलखुणा मिळाल्या आहेत.

अकलचे जीवाश्म उद्यान जैसलमेरपासून १७ किलोमीटरांवर बाडमेर रस्त्यालगत आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण आणि आर्द्र हवेत घनदाट अरण्य होते व नद्यांनी वाहून आणलेली खोडे वाळूखाली गाडली जाऊन त्यांच्या पेशीपेशीत सिलिका मुरली, हे वाचून गेलेल्या माणसाची तेथे पोचताक्षणी थोडी निराशा होते. २१ हेक्टरांच्या ओसाड उतारावर पत्र्याचे छप्पर घातलेले लोखंडी पिंजरे आणि त्यांत तपकिरी ओंडके, एवढेच दृश्य. सर्वांत लांब खोड १३ मीटरांच्या घरात भरते. परंतु जाळीशी गुडघे टेकून भिंगातून पाहिले असता लाकडाच्या उभ्या रेषा, गाठी आणि सालीचा खडबडीतपणा असा काही शाबूत दिसतो की बोटाने दाबून तो मऊ आहे का हे पाहण्याची इच्छा अनावर होते. बाहेर वाटेवर नखाएवढ्या असंख्य ढलप्या पडलेल्या आहेत. त्यांतील एकही उचलू नये, अशी ताकीद पहारेकऱ्याने आम्हांस दोनदा दिली, आणि ती योग्यच होती. प्रत्येक पाहुण्याने एकेक ढलपी नेली असती तर पिंजऱ्याबाहेर आज काही उरले नसते.

अकलहून जैसलमेर शहराकडे चढत येताना पायाखालचा रंग तांबूस-तपकिरीवरून पिवळ्यावर येतो, आणि लिंबाचे थेंब प्रथमच बुडबुडे उठवितात. नदी संपली, समुद्र आला. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी या भागावर चढून आलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी जी चुनखडी साचली, तिच्याच चिऱ्यांनी हे शहर बांधलेले आहे. रावळ जैसलने ११५६ साली त्रिकुट टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला तेव्हापासून हवेल्या, पायऱ्या, पाणपोया, सारे काही याच एका दगडाचे. भिंतीशी डोळा नेला तर त्यात शिंपल्यांचे काप आणि माशाच्या अंड्यांसारखे गोल कण दिसतात. शहराजवळच्या जेठवाई परिसरातील याच काळाच्या थरांत सापडलेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरास २०२३ साली थारोसॉरस हे नाव देण्यात आले. परंतु मला त्या प्राण्याहून किल्ल्याची हकीकत अधिक लक्षणीय वाटते. टेकडीच्या पोटात चिकणमातीचे मऊ थर आहेत. माणसे डोक्यावरून घागरी वाहून आणीत तोवर सांडणारे पाणी अत्यल्प होते, नळ आले आणि सांडपाणी मुरू लागले तसे ते थर फुगून बुरूज व भिंती सरकू लागल्या. आजही आत हजारो लोक राहतात, खाणावळी चालतात, आणि आम्ही ज्या गच्चीवर चहा घेतला तिच्या मोरीचे पाणी कोठे जाते हे विचारण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

शहराच्या पश्चिमेस व वायव्येस हिंडताना हिवाळ्याचा आणखी एक लाभ ध्यानात येतो. मगऱ्याच्या उतारावरून घसरून आलेले पावसाचे पाणी खालच्या सखल चिकणमातीत एका लांब बांधाने अडवावयाचे आणि ते जिरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा, ही खडीन नावाची पद्धत पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी येथे रुजविली. जानेवारीत त्या उजाड माळावर हिरवी चौकट उठून दिसली की समजावे, वर उघडा खडक आणि खाली माती यांची योग्य गाठ येथे पडली आहे. पालीवालांचे कुलधरा गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओस पडले. त्याविषयी शापाच्या आणि भुतांच्या कथा सांगून पैसे मिळविणारे वाटाडे पुष्कळ भेटतात, पण त्या गावाच्या शेताला पाणी कसे मिळे हे सांगणारा आम्हांस एकही भेटला नाही.

हाबूर, ज्याचे नाव आता पूनमनगर झाले आहे, ते शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे. तेथील सुमारे बारा कोटी वर्षांच्या तांबूस चुनखडीत अमोनाइट या समुद्रजीवांची वेटोळी ठासून भरलेली आहेत. आपल्या देवघरांतील गंडकीचे शाळिग्राम हे त्याच कुळातले, तेव्हा मंडळींतील वडीलधाऱ्यांनी दुकानातील हाबूरचा पेला हाती घेताना नकळत चपला काढल्या. या दगडाच्या भांड्यात दूध ठेवले की विरजणावाचून दही लागते अशी तिकडे दृढ समजूत आहे आणि पेल्याची किंमत त्या समजुतीच्या प्रमाणात आकारली जाते. याच्याही पश्चिमेस, खुईयाळा आणि सानूच्या बाजूस, नाण्यासारख्या चपट्या गोल जीवाश्मांनी भरलेली सुमारे पाच कोटी वर्षांची चुनखडी आहे. ती दख्खनच्या कातळाहूनही धाकटी, आणि प्रवासात प्रथमच आम्ही आपल्या सह्याद्रीहून नव्या खडकावर उभे राहिलो.

उरली वाळू. समचे धोरे जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर आहेत, परंतु तेथे मोटारींची घरघर, कर्णे आणि तंबूंची दाटी इतकी झाली आहे की वाळूवर वाऱ्याने उठविलेली एकही रेघ सकाळी दहापर्यंत अखंड राहत नाही. ज्यांना धोरा वाचावयाचा आहे त्यांनी खुडीकडे किंवा त्याहून आडबाजूस वळावे. थरमधील वाळू चालते ती मुख्यतः उन्हाळ्यातील नैऋत्येच्या वाऱ्याने. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारा मंद वारा फक्त माथ्यावरील वाळूची धार थोडी उलटी वळवितो, म्हणून या ऋतूत धोरा विसावलेला असतो आणि त्याची दोन्ही अंगे निवांतपणे तपासता येतात. वाऱ्याकडील अंग लांब, सौम्य आणि घट्ट. पाठीमागचे आखूड, तेहतीस-चौतीस अंशांचे आणि भुसभुशीत, कारण कोरडी वाळू त्याहून अधिक चढावर टिकतच नाही, ढासळते. सरांनी उतार मोजण्याचे साधन लावून हा कोन सर्वांना दाखविला. आमचा उंटवाला ते सारे लक्षपूर्वक पाहत होता. आकडा ऐकून झाल्यावर तो म्हणाला की, कोन त्याला ठाऊक नाही, पण लादलेला उंट या बाजूने वर नेला तर तो चौथ्या पावलाला बसतो. तेव्हा चढावयाचे ते नैऋत्येच्या अंगाने, तेही ऊन तापून वाळू सैल होण्यापूर्वी. उतरावयाचे ईशान्येच्या अंगाने, टाचा रोवून, आणि नोंदवह्या खिशात घालून बटणे लावल्यावरच.